वज्जींची एकी कशी फुटली

वैशाली म्हटले की आपल्या लोकांना आम्रपाली आठवते. पण त्याच वैशालीत तथागतांच्या काळी शेजारशेजारच्या गणांनी मिळून राज्य चालवले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. गंगेच्या उत्तरेला, आजच्या बिहारात, लिच्छवी, विदेह आणि आणखी काही गण होते. त्यांच्या संघाला वज्जी म्हणत. विदेहांकडे तर पूर्वी राजेशाही होती, जनक राजा त्यांचाच. ती गेली आणि तेही संघात आले.

कारभार संथागारात, म्हणजे सभागृहात, चाले. जातकात लिच्छवींचे ७७०७ राजे सांगितले आहेत. राजे म्हणजे सभेत बसणारे कुळप्रमुख. दास, मजूर त्यांत नव्हते. तुमच्या-माझ्यासारख्याला तिथे कोणी बसू दिले नसते, हेही सांगितले पाहिजे. पण न्यायाची रीत पाहा. चोर म्हणून पकडलेला माणूस एकामागून एक अधिकाऱ्यांपुढे जाई, मग अट्ठकुलिक, सेनापती, उपराजा आणि शेवटी राजा. मधल्या कोणालाही तो निर्दोष वाटला तर सोडता येई. शिक्षा मात्र शेवटच्यानेच द्यायची, तीही जुन्या निवाड्यांचा ग्रंथ पाहून. गिरणीत एका चार्जशीटवर घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली.

मगधाच्या अजातशत्रूला वज्जी जिंकायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाला गृध्रकूटावर तथागतांकडे पाठवले. तथागतांनी आनंदाला विचारले, वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकोप्याने जमतात, एकोप्यानेच उठतात का? वडीलधाऱ्यांचे ऐकतात का? स्त्रियांवर जबरदस्ती तर करीत नाहीत ना? असे सात नियम. ते पाळतील तोवर त्यांची भरभराटच होईल, असे तथागत म्हणाले. वस्सकार काय समजायचे ते समजला. लढून नाही, फूट पाडून.

पुढे तथागतांनी तसेच नियम भिक्खूसंघालाही सांगितले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हेच दाखवून दिले, की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सर्व भिक्खूसंघाला माहीत होते आणि ते त्या काळच्या राजकीय सभांवरूनच घेतले असावे.

वस्सकाराचे काम अट्ठकथेत आहे. राजाने हाकलल्याचे सोंग करून तो वैशालीत आला. वज्जींनी त्याला न्यायाधीश केले. मग तो एकेकाला बाजूला घेई आणि विचारी, "शेत नांगरता का? आज कालवण काय होते?" बस, एवढेच. दुसरे विचारीत, काय बोलला रे? हा खरे सांगे, पण पटणार कोणाला! मग एकाला म्हणे, तो तुला भित्रा म्हणतो. दुसऱ्याला म्हणे, तुला दरिद्री म्हणतो. आपल्याकडे एका जयंतीच्या दोन वर्गण्या कशा होतात, ते ज्याचे त्याने आठवावे.

तीन वर्षे लागली. मग अजातशत्रू निघाला. वैशालीत भेरी वाजली, त्याला गंगा उतरू देऊ नका! लोक म्हणाले, शूर असतील त्यांनी जमावे, श्रीमंत असतील त्यांनी जमावे. पुन्हा भेरी वाजली, वेशीचे दरवाजे लावा! एकही माणूस आला नाही. दरवाजे उघडेच होते, त्यांतूनच तो आत आला.