काचतंतूची थोरली पाती

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे या गावांच्या हद्दीत, जेथे एके काळी रासायनिक कारखान्यांचा मुलूख होता, तेथे अलीकडे डेटा सेंटरांच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. 2004 साली ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून कल्याण-डोंबिवलीची पुष्कळ मंडळी ठाण्यास गाडी बदलून या पट्ट्यात नोकरीस जातात. डेटा सेंटरातील सर्व्हरांच्या कपाटांमधून निळसर-हिरव्या रंगाची जी केबल सहस्रावधी फेऱ्यांनी खेळवलेली असते, ती मल्टिमोड फायबरची, म्हणजे प्रकाशास एकाच वेळी अनेक वाटा देणाऱ्या रुंद गाभ्याच्या काचतंतूची. आणि हे घराणे आज चार भिंतींच्या आत नांदत असले, तरी दूरसंचाराच्या व्यवहारात काचतंतूची थोरली पाती हीच होय.

मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याचा प्रयोग 1954 साली प्रसिद्ध केला, तेव्हा प्रकाश काही मीटरांपलीकडे टिकत नसे. 1966 साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी, दोष काचेचा नसून तीतील मलाचा आहे, आणि ऱ्हास किलोमीटरला 20 डेसिबलपर्यंत उतरल्यास तंतूवरून संदेशवहन साधेल, असे प्रतिपादन केले; 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडलीही. परंतु काओंच्या मनातील अतिसूक्ष्म गाभ्याच्या तंतूत प्रकाश शिरवणे आणि दोन तुकडे तोंडाला तोंड लावून जोडणे तत्कालीन कारागिरीच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे, सुमारे 50 मायक्रॉन गाभ्याचा, हाताळण्यास सोयीचा मल्टिमोड तंतूच प्रथम कारभारास लागला.

रुंद गाभ्याची ही सोय फुकट मात्र नव्हती. एकाच क्षणी आत शिरलेले किरण, कोणी अक्षावरून सरळ तर कोणी कडांवर परावर्तित होत, निरनिराळ्या लांबीच्या वाटांनी जातात; कल्याणहून एकाच वेळी सुटलेल्या जलद आणि धीम्या लोकल ठाण्यास मागेपुढे पोहोचाव्यात तसे ते पोहोचतात, आणि त्यायोगे प्रकाशाचे स्पंद फुगून एकमेकांत मिसळतात. यावरील उपाय मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणा वाटतो: काचेचा अपवर्तनांक मध्यभागी अधिक आणि कडेकडे क्रमाने कमी ठेवावा, म्हणजे लांबच्या वाटेचा किरण कडेच्या विरळ काचेत अधिक वेगाने धावून वेळ भरून काढतो. जपानच्या निप्पॉन इलेक्ट्रिक आणि निप्पॉन शीट ग्लास यांनी 1968 साली असा तंतू सिद्ध केला.

भारतात 1979 साली पुण्याच्या शिवाजीनगर आणि कॅंटोन्मेंट टेलिफोन केंद्रांना काचतंतूने जोडले गेले, तेव्हा जगभर अशा कामी बहुधा मल्टिमोडचीच वहिवाट होती. पुढील काही वर्षांतच सुमारे 9 मायक्रॉन गाभ्याच्या सिंगलमोडची जोडणी सुकर झाली. त्यात वाट एकच, म्हणून किरणांचा गोंधळच नाही. मग गावोगावचे लांब पल्ले त्याने हस्तगत केले, आणि थोरल्या पातीकडे इमारतीतील शेदोनशे मीटरांचे वतन तेवढे उरले.

तेवढ्यावर ती तगून राहिली, याचे श्रेय केनिची इगा यांना द्यावयास हवे. 1977 साली त्यांनी कल्पिलेला, अर्धवाहक चकतीच्या पृष्ठभागातून प्रकाश सोडणारा लेझर पुढे स्वस्तात तयार होऊ लागला, आणि त्याचा 850 नॅनोमीटरचा झोत रुंद गाभ्यात विनासायास बसतो. त्याच्या साह्याने सेकंदास 10 गिगाबिटचा मजकूर मल्टिमोडच्या ओएम-3 प्रतीचा तंतू 300 मीटर आणि ओएम-4 प्रतीचा तंतू 400 मीटर वाहून नेतो; सिंगलमोडचा तंतू स्वस्त असला, तरी त्याच्या दोन टोकांची यंत्रे दीर्घकाळ महागच राहिली.

जुन्या कचेऱ्यांच्या भिंतींत मात्र अद्याप 62.5 मायक्रॉन गाभ्याची नारिंगी ओएम-1 केबल आढळते, जिच्यावर तोच वेग जेमतेम 33 मीटर टिकतो. ती 50 मायक्रॉनच्या नव्या केबलीस जोडण्याचा मोह काटकसरी व्यवस्थापकांना नेहमी होतो. अरुंद तंतूतून रुंद तंतूत प्रकाश निर्धोक उतरतो, पण उलट दिशेने येताना त्याचा बराचसा हिस्सा सांध्यावरच सांडतो.