सरकत्या गाठीचा माग

भीतीनं पोटात गोळा येतो असं आपण म्हणतो. आयुर्वेदात मात्र पोटातल्या गोळ्याला आजार म्हणून नाव होतं: गुल्म. हृदय आणि बस्ती यांच्या मधली गोल गाठ, कधी सरकणारी, कधी जागची न हलणारी, अशी सुश्रुतसंहितेत त्याची ओळख आहे. त्या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार गोळा झाले असणार. पण गाठ सरकते का, हा प्रश्न किती जुना आहे ते त्यावरून कळतं.

लहान आतडं पाठीमागच्या भिंतीला ज्या पंख्यासारख्या पडद्यानं बांधलेलं असतं, ती मेझेंटरी. आतड्याच्या रक्तवाहिन्या त्यातूनच जातात. या पडद्यात क्वचित पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, धरते. रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढांमध्ये सुमारे १ लाखात एक, मुलांमध्ये २० हजारांत एक, असा अंदाज पाठ्यपुस्तकं देतात.

पहिली नोंद फ्लॉरेन्सच्या आंतोनियो बेनिविएनी यांची, आठ वर्षांच्या मुलाच्या शवविच्छेदनातली. सगळीकडे तिचं साल १५०७ दिलेलं असतं. बेनिविएनी तर १५०२ मध्येच वारले होते; त्यांची टिपणं भावानं पुढे छापून घेतली. म्हणजे ते मूल त्याआधीच गेलेलं. पुढची तीनशेहून अधिक वर्षं ही गाठ ओळखली जायची ती बहुधा अशीच, मृत्यूनंतर. १८४२ मध्ये व्हिएन्नाच्या रोकितान्स्कींनी दुधासारख्या द्रवानं भरलेल्या गाठीचं वर्णन केलं. आतड्यातली चरबी वाहून नेणारा रसच तिथे साचलेला असतो.

मग ईथरची भूल आली, लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली, आणि जिवंत माणसाचं पोट उघडण्याची हिंमत करता येऊ लागली. १८८० मध्ये फ्रेंच शल्यविशारद तियो यांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली. त्यांच्या नावाची खूण आजही वैद्यकाचे विद्यार्थी घोकतात, पण ती समजते हात पोटावर ठेवल्यावरच. बेंबीजवळची मऊ, गुळगुळीत गाठ बोटांनी ढकलायची. मेझेंटरीचं मूळ, जेमतेम १५ सेंटिमीटर लांब, डावीकडून वरून उजवीकडे खाली तिरपं उतरतं. म्हणून गाठ त्या रेषेला काटकोनात, उजव्या वरच्या बाजूकडून डाव्या खालच्या बाजूकडे, सहज सरकते. रेषेच्या दिशेनं मात्र अडते. भोवताली बोटानं ठोकलं की आतड्यातल्या हवेचा पोकळ आवाज येतो. पोट न उघडता, नुसत्या बोटांनी आतल्या पडद्याची चाल ओळखणं, याला मी फार मोठी विद्या मानतो.

१८८३ मध्ये पेआँ यांनी गाठ न काढता तिच्या कडा पोटाच्या भिंतीला शिवून तोंड बाहेर उघडं ठेवलं. पण गाठीचं अस्तर आतच राहायचं, जखम वाहत राहायची, गाठ पुन्हा भरायची. ही वाट आता जवळजवळ मोडली आहे. गाठ अख्खी काढायची, असंच आज शिकवतात.

आता सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन गाठ आधीच दाखवतात, आणि पुष्कळदा दुर्बिणीतूनही ती काढता येते. तरी एक निर्णय टेबलावरच होतो. सर्जन आतड्याचा वेटोळा अलगद उचलून दिव्यासमोर धरतो आणि गाठीला रक्त कुठून येतं ते पाहतो. रसवाहिन्यांतून धरलेल्या पातळ भिंतीच्या गाठीचा रक्तपुरवठा स्वतंत्र असतो. ती सोलून निघते, आतडं शाबूत राहतं. आतड्यापासूनच तयार झालेल्या जाड भिंतीच्या गाठीची रक्तवाहिनी आतड्याशी सामाईक असते. तिथे आतड्याचा तेवढा तुकडा गाठीसोबत कापावा लागतो आणि मग दोन्ही टोकं टाका टाका घालून जोडायची.