लॉर्ड बाल्टिमोरचा हिंवाळा

परदेशीं कायमचें राहावयास निघालेला मनुष्य तेथील हवेची चौकशी करतोच. परंतु ती मोजण्याचें माप त्याच्याजवळ बहुधा एकच असतें, आणि तें त्याच्या स्वतःच्या गांवचें. ‘कडक थंडी’ हे शब्द ऐकतांच त्याच्या मनापुढें आपल्याच अंगणांतील दहिंवर उभें राहतें; ‘सौम्य हिंवाळा’ म्हटलें कीं आपल्याकडील एखादें बरें गेलेलें वर्ष त्याला आठवतें. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतून उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहती करावयास जे लोक गेले, त्यांपैकीं कित्येकांचे प्राण आणि पुष्कळांची पुंजी या मापापायीं गेली.

त्या काळच्या सुशिक्षित इंग्रजाजवळ हवेविषयीं एक शास्त्र होतें, आणि तें अडाण्यांचें शास्त्र नव्हतें. ग्रीक भूगोलज्ञांनीं पृथ्वीचे पट्टे पाडले ते सूर्यकिरणांच्या तिरपेपणावरून. इंग्रजींतील ‘क्लायमेट’ हा शब्दच मुळीं ‘कल’ किंवा ‘उतार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघालेला आहे. अक्षांश सारखा तर सूर्य सारखा, आणि सूर्य सारखा तर हवा सारखी, असें हें साधें त्रैराशिक. नकाशा उघडून पाहावा तर न्यूफाउंडलंड बेटाचा दक्षिण भाग लंडनच्याही बराच खालीं, फ्रान्समधील ल्वार नदीच्या मुखाच्या रांगेंत येतो; मेनचा किनारा इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या रांगेंत, आणि व्हर्जिनिया थेट स्पेनमधील सेव्हिलच्या. तेव्हां व्हर्जिनियांत रेशीम, ऑलिव्ह व द्राक्षासव पिकवावें असे बेत लंडनच्या व्यापाऱ्यांनीं केले यांत नवल नाहीं. हें त्रैराशिक कोठें चुकतें तें समजण्यास महाराष्ट्रांतील श्रोत्यांना मात्र अटलांटिक ओलांडावयास नको. मुंबई आणि नांदेड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. परंतु नांदेडच्या वैशाखांतील झळा आणि पौषांतील पहाटेची शेकोटी या दोन्ही गोष्टी मुंबईकराला परक्या. सूर्य दोघांचा एकच. एकाच्या दाराशीं समुद्र आहे, दुसऱ्याच्या नाहीं.

पहिला धडा मेनच्या किनाऱ्यावर मिळाला. सन १६०७ च्या ऑगस्टांत जॉर्ज पॉपम याच्या नेतृत्वाखालीं सुमारें शंभर इंग्रज तेथें उतरले. दिवस उन्हाळ्याचे होते, अरण्य हिरवेंगार होतें, आणि फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर थंडीची धास्ती बाळगण्याचें कांहीं कारण दिसत नव्हतें. डिसेंबरांत सामुग्री अपुरी पडून निम्मे लोक परत धाडावे लागले. फेब्रुवारींत खुद्द पॉपम मरण पावला. आणि पुढील वर्षीं उरलेल्या मंडळींनीं गाशा गुंडाळला. वसाहत मोडण्यास दुसरींही कारणें होतीं. पॉपमच्या मागून आलेल्या पुढाऱ्यास इंग्लंडांत वारसा मिळाला होता, आणि त्याचें मन घराकडे लागलें होतें. परंतु स्वदेशीं बातमी पसरली ती एवढीच कीं, तो मुलूख अति थंड असून मनुष्यवस्तीस लायक नाहीं. मौज अशी कीं तोच हिंवाळा इंग्लंडांतही विलक्षण होता. लंडनला थेम्स नदी गोठून तिच्यावर बाजार भरला होता. अक्षांशानें ज्यांना फसविलें, त्यांनीं मग एकाच हिंवाळ्यावरून देशाला कायमचा डाग लावला.

व्हर्जिनियाविषयींची भीति उलट दिशेची होती. त्या वेळच्या वैद्यकाप्रमाणें शरीरांतील चार रसांचा तोल जन्मभूमीच्या हवेशीं जुळलेला असे. थंड देशाचा मनुष्य उष्ण देशांत गेला तर त्याचें रक्त बिघडेल, निदान स्वभाव तरी पालटेल, अशी समजूत. १६०७ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं जेम्सटाऊन येथें १०४ लोक राहिले, त्यांतील पुढच्या जानेवारींत ३८ च जिवंत होते. दोष साहजिकच उष्णतेला आला. नव्या माणसानें पहिला उन्हाळा निभावून नेला म्हणजे तो, लांकूड मुरावें तसा, ‘मुरला’ असें म्हणत. वास्तविक मारक ठरलें तें ऊन नव्हे. नदीचें मचूळ व दूषित पाणी आणि अन्नाचा तुटवडा यांनींच माणसें नेलीं. १९९८ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या भागांतील जुनाट सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वार्षिक वलयें तपासून दाखविलें कीं, १६०६ ते १६१२ हीं सात वर्षें तेथील ७७० वर्षांतील सर्वांत कोरडीं होतीं. वसाहतकार ऐन अवर्षणांत उतरले होते. पण हें अवर्षण आहे आणि तेथील नित्याची हवा नव्हे, हें त्यांना कळावें कसें? तेथील दुसरें वर्ष त्यांनीं पाहिलेलेंच नव्हतें.

उष्णतेच्या या धास्तीनें न्यूफाउंडलंडचें पारडें जड झालें. हें बेट इंग्रजांस अपरिचित नव्हतें. डेव्हन व आसपासच्या परगण्यांतील कोळी दरसाल वसंतांत कॉड मासा धरावयास तेथें जात, किनाऱ्यावर माचाणी बांधून मासे वाळवीत आणि थंडी पडण्यापूर्वीं घरीं परतत. किनाऱ्याचा खडक न् खडक त्यांच्या ओळखीचा. परंतु ज्यानें वीस फेऱ्या केल्या त्यानेंही वीस उन्हाळेच पाहिलेले! १६१० सालीं जॉन गाय यानें क्युपिड्स येथें वसाहत केली, तेव्हां दैवयोगानें पहिला हिंवाळा मवाळ गेला आणि त्याचें अनुकूल वृत्त इंग्लंडांत पोहोंचलें.

अशा वेळीं सर जॉर्ज कॅल्व्हर्ट याचें लक्ष या बेटाकडे वळलें. हा पहिल्या जेम्स राजाचा सचिव, विद्वान् व व्यवहारी गृहस्थ. १६२१ सालीं त्यानें कॅप्टन एडवर्ड विन याला बारा माणसांसह फेरीलँड येथें पुढें पाठविलें. पुढच्या वर्षीं विनचीं पत्रें आलीं: गहूं, सातू, ओट, वाटाणे सर्व कांहीं जोमांत आहे, हिंवाळा आंखूड व सोसण्याजोगा, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा कांहीं भाग एवढाच, इंग्लंडांत आदल्या वर्षीं पडली तितकी थंडीही येथें पडली नाहीं. विनला खोटा म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें एकच हिंवाळा पाहिला होता, आणि त्याची तुलना इंग्लंडांतील एका वाईट हिंवाळ्याशीं केली होती. शिवाय धन्याच्या पैशानें घरें बांधणाऱ्या कारभाऱ्याची लेखणी थंडीविषयीं जरा आंखडती असावी हेंही मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

या भरंवशावर कॅल्व्हर्टनें १६२३ सालीं राजाची सनद मिळविली, प्रांताला ‘अ‍ॅव्हलॉन’ असें नांव दिलें आणि मोठी रक्कम ओतली. १६२५ सालीं रोमन कॅथलिक पंथ उघडपणें पत्करून त्यानें सचिवपद सोडलें. त्याच वर्षीं तो लॉर्ड बाल्टिमोर झाला. १६२७ सालीं तो स्वतः फेरीलँड पाहून आला, पण तेंही उन्हाळ्यांत व थोड्याच आठवड्यांपुरतें. १६२८ सालीं पत्नी, थोरला मुलगा खेरीज करून बहुतेक मुलें व सुमारें चाळीस माणसें घेऊन तो तेथें राहावयास गेला.

मग हिंवाळा आला. १९ ऑगस्ट १६२९ रोजीं बाल्टिमोरनें राजा चार्लस याला लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत तो सांगतो कीं, ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत त्या भूमीवर हिंवाळ्याचेंच राज्य असतें. जमीन आणि समुद्र बहुतेक काळ गोठून अभेद्य झालेले. मे लागेपर्यंत हिरवें पान नाहीं कीं समुद्रांत मासा नाहीं. त्याचें घर हिंवाळाभर रुग्णालय झालें होतें. शंभर माणसांपैकीं एका वेळीं पन्नास आजारी, त्यांत तो स्वतः, नऊ-दहा दगावलीं. विनचा तीन महिन्यांचा हिंवाळा असा सात महिन्यांचा निघाला. याच पत्रांत तो राजाकडे व्हर्जिनियांत जमीन मागतो. ज्या मुलखाच्या उष्णतेनें इंग्रजांना इतकी धास्ती घातली होती, तेंच ऊन आतां त्याला हवेंसें झालें.

याच १६२९ सालीं फ्रान्सिस हिगिन्सन नांवाचा पाद्री न्यू इंग्लंडांत सेलम येथें उतरला. प्रकृतीनें अशक्त, स्वदेशीं कपड्यांवर कपडे चढवून वावरणारा हा मनुष्य तेथील कोरड्या, स्वच्छ हवेवर इतका लुब्ध झाला कीं आपण अंगावरचें जाड लोकरीचें ओझें कसें टाकून दिलें तें त्यानें मोठ्या उत्साहानें लिहून पाठविलें. तें पुस्तक १६३० सालीं लंडनला छापलें गेलें आणि एका वर्षांत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत हिगिन्सन सेलम येथें वारला. पुस्तक वाचणारे बहुतेक त्या वेळीं जहाजाच्या भाड्याची जुळवाजुळव करीत असतील.

बाल्टिमोरला जेम्सटाऊननें थारा दिला नाहीं. राजाच्या धर्मसत्तेची शपथ घेण्यास तो कॅथलिक म्हणून तयार नव्हता. एप्रिल १६३२ मध्यें तो मरण पावला, आणि जूनमध्यें मेरीलँडची सनद त्याच्या थोरल्या मुलास मिळाली. १६३४ च्या मार्चांत तेथें वसाहत झाली. थंडीस भिऊन शोधलेल्या त्या उबदार खाडीकांठीं वसाहतकारांच्या वांट्यास पुढें हिंवताप आला.

अक्षांशाच्या त्रैराशिकांतील चूक शास्त्रशुद्ध रीतीनें दाखविण्यास १८१७ साल उजाडलें. त्या वर्षीं जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यानें सारख्या सरासरी तपमानाचीं ठिकाणें रेषांनीं जोडून नकाशा काढला. या समताप रेषा अमेरिकेंतून युरोपांत जातांना भराभर उत्तरेकडे वर चढतात. या पट्ट्यांत वारे बहुतांशीं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. युरोपला ते समुद्रावरून ऊब घेऊन येतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास मात्र गोठलेल्या भूखंडावरून. त्यांत न्यूफाउंडलंडच्या अंगाला लाब्राडोरचा थंड प्रवाह घांसून जातो. युरोपच्या उबेचें सारें श्रेय पूर्वीं गल्फ प्रवाहास देत. २००२ सालच्या एका संशोधनानें तें बरेंचसें वाऱ्यांना, त्यांना वळण देणाऱ्या रॉकी पर्वताला, आणि उन्हाळ्याची उष्णता हिंवाळ्यासाठीं सांठवून ठेवणाऱ्या सागराला दिलें आहे.

फेरीलँड मात्र ओस पडलें नाहीं. १६३८ सालीं डेव्हिड कर्क हा नवी सनद घेऊन तेथें आला आणि बाल्टिमोरचाच वाडा त्यानें ताब्यांत घेतला. दुसऱ्या वर्षीं आर्चबिशप लॉड यास लिहितांना त्यानें टोमणा मारला कीं, न्यूफाउंडलंडची हवा जेझुइट आणि पाखंडी यांच्याखेरीज देवाच्या सर्व लेंकरांना मानवते. कर्कनें तेथें गहूं पिकविण्याचा हट्ट धरला नाहीं. त्याचें लक्ष कॉड मासा, मद्य आणि मीठ यांच्या व्यापारावर होतें. १६५४ सालीं तो वारला, आणि त्याच्या मागें त्याची विधवा सारा हिनें त्याच फेरीलँडांत राहून तो धंदा पुढें कित्येक वर्षें चालविला.