चिंगेलची गिरियात्रा

महाभारतांतील महाप्रस्थानिक पर्वाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पांडव व द्रौपदी हिमालयाच्या वाटेनें पायीं निघालीं, त्यांच्यामागून एक कुत्रा चालूं लागला, वाटेंत एकामागून एक सारीं पडलीं, आणि शेवटीं धर्मराज व तो कुत्रा असे दोघेच उरले. ह्या कुत्र्यास सोडून मी स्वर्गांत पाऊल टाकणार नाहीं, असें धर्मराजानें इंद्रास निक्षून सांगितलें. ही कथा मीं वर्गांत अनेक वर्षें सांगितली, आणि दर वेळीं मुलें ती ऐकून प्रसन्न होत. एके वर्षीं मात्र मागच्या बांकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, धर्मराज कुत्र्यासाठीं थांबला; मग द्रौपदी पडली तेव्हां त्यानें मागें वळून कां पाहिलें नाहीं?" धर्मराजानें भावांविषयीं व द्रौपदीविषयींही इंद्राजवळ बोलणें काढलें होतें, आणि तीं अगोदरच स्वर्गास पोंचलीं आहेत असें उत्तर त्यास मिळालें होतें, हें मीं तिला सांगितलें. ती खालीं बसली. पण तिचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें नाहीं.

आज जी हकीकत मी सांगणार आहें ती हिमालयांतील नव्हे, आल्प्स पर्वतांतील आहे. परंतु तींतही एक गिरियात्रा आहे, एक स्त्री आहे व एक कुत्री आहे. आणि ती प्रथम वाचली तेव्हांपासून त्या मुलीचा प्रश्न मला पुनः पुनः आठवत आला आहे.

१८५० सालीं न्यूयॉर्क शहरीं जन्मलेला विल्यम कूलिज हा प्रकृतीनें फार नाजूक मुलगा होता. त्याला मानवेल अशा हवेच्या शोधांत घरची मंडळी त्यास घेऊन युरोपांत आली, आणि बरोबर त्याची मावशीही आली. मेटा ब्रेव्हूर्ट हें त्या मावशीचें नांव. जन्म १८२५ चा, म्हणजे भाच्याहून ती पंचवीस वर्षांनीं वडील. बाई अविवाहित, स्वभावानें करारी आणि डोंगराच्या वेडानें झपाटलेली. १८६५ सालीं ती माँ ब्लाँ शिखरावर गेली, तेव्हां तिनें माथ्यावर वाटाड्यांबरोबर नाच केला आणि त्या काळीं फ्रान्सच्या बादशहास न रुचणारें क्रांतीचें गाणें मोठ्यानें म्हटलें, असें सांगतात. दुबळ्या भाच्याला घरांत शालीखालीं न ठेवतां तिनें त्यास बर्फाच्या वाटेवर काढलें. हाच मुलगा पुढें आल्प्सच्या इतिहासाचा मोठा पंडित झाला. पण त्यास डोंगराची मुळाक्षरें गिरवावयास लाविलीं तीं मावशीनें.

त्यांचा वाटाड्या ख्रिस्तियान आल्मर हा ग्रिंडेलवाल्ड गांवचा. आयगर शिखरावर मनुष्याचें पाऊल प्रथम पडलें १८५८ सालीं, आणि त्या पहिल्या मंडळींत आल्मर होता. दहा वर्षांनीं, १८६८ च्या जुलै महिन्यांत, तो कूलिजला घेऊन त्याच शिखरावर निघाला. पण बेत फसला व मंडळींस परतावें लागलें. अठरावेंही न संपलेला तो मुलगा अगदीं हिरमुसला. त्याची समजूत घालावी म्हणून आल्मरनें आपल्या दाराशीं बांधलेली कुत्री त्यास देऊन टाकली. तिचें नांव चिंगेल. तीन वर्षांपूर्वीं, ती अवघ्या कांहीं महिन्यांची असतां, आल्मर तिला चिंगेल नांवाच्या हिमनदीच्या खिंडींतून घरीं घेऊन आला होता. त्या खिंडीचेंच नांव तिला पडलें. जातिवंत म्हणावी अशी ती कुत्री नव्हती. तांबूस रंग, मध्यम बांधा, मिश्र कुळी. आपल्याकडे जिला गांवठी म्हणतात त्यापैकींच म्हणाना.

येथें त्या काळच्या प्रवासाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. ग्रिंडेलवाल्डला आगगाडी पोंचली ती १८९० सालीं. त्यापूर्वींचा प्रवास म्हणजे खोऱ्यांतून पायीं किंवा घोड्यावर, आणि पुढें केवळ पायीं. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने मावशी, भाचा, आल्मर, कधीं त्याचा मुलगा उलरिक, आणि चिंगेल असा हा काफिला एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत चालत असे. रात्र गुराख्याच्या झोंपडींत गवतावर काढावयाची, नाहींतर एखाद्या मोठ्या दरडीच्या आडोशास. पहाटेपूर्वीं कंदील लावून निघावयाचें, कारण ऊन चढलें म्हणजे बर्फ मऊ होतें व पाय रुततो. फ्रान्सच्या दोफिने प्रांतांत तर पिसवांनीं भरलेली अंथरुणें आणि शिळी काळी भाकरी ह्यांवाचून दुसरें कांहीं मिळण्याची आशा नसे. आतां १९१२ पासून युंगफ्राउच्या खिंडीपर्यंत, म्हणजे ३४५४ मीटर उंचीवर, रेल्वेनें बसून जातां येतें. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं अवश्य जावें; माझी तक्रार नाहीं. पण ज्या मंडळींनीं ती उंची पावलापावलानें मोजली त्यांची गोष्ट निराळी.

कुत्र्याबरोबर चालण्याची एक निराळी रीत असते, हें ज्यानें कुत्रें पाळलें आहे त्यास सांगावयास नको. माझ्याजवळ एक मोती होता. सुट्टींत आम्ही दोघे गांवामागच्या डोंगरावर जात असूं. मी एक कोस चाललों तर तो तीन कोस चाले. पुढें धांवावयाचें, मागें यावयाचें, गुरुजी येतात कीं नाहीं हें पाहावयाचें, पुनः पुढें. त्याच्यामुळें मला थांबावें लागे, आणि थांबलों म्हणजे पूर्वीं न दिसलेलें कांहींतरी दिसे. चिंगेलचेंही असेंच होतें. फरक एवढाच कीं, तिच्या वाटेवर तोल गेला तर खालीं हजार फूट दरी असे.

हिमनदीवर एक मोठें भय असतें. बर्फांत खोल चिरा पडलेल्या असतात, आणि त्यांवर ताज्या हिमाचें पातळ झांकण बसतें. वरून सारें सपाट दिसतें, पाय ठेवला कीं मनुष्य नाहींसा होतो. अशा जागीं चिंगेल थबके, हुंगे, पंजानें चांचपून पाही, आणि ती ज्या वाटेनें जाई ती वाट वाटाडे पुष्कळदां पत्करीत. बिकट जागीं तिच्या गळपट्ट्यांतून दोर ओवून तिला इतरांप्रमाणेंच बांधून घेत. धारदार बर्फानें तिचे पाय सोलून निघत, म्हणून तिच्यासाठीं चामड्याचे बूट शिवविले; पण ते तिला सोसवेनात आणि शेवटीं तो नाद सोडावा लागला. पेयांपैकीं तिला पातळ चहा आणि तांबडी मदिरा हीं दोन्हीं आवडत. आपल्याकडील वाचकांनीं मदिरेबद्दल तिला क्षमा करावी; त्या देशाची हवाच तशी आहे.

१८६८ ते १८७६ ह्या काळांत तिनें तीस शिखरें व छत्तीस खिंडी मिळून सहासष्ट मोठ्या चढाया केल्या. लहानसहान चढाया ह्याखेरीज. १८७५ च्या जुलैमध्यें ती माँ ब्लाँवर गेली. हें शिखर ४८०८ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. आणि बहुतेक सारी वाट ती आपल्या पायांनीं चढली. खालीं शामोनी गांवांत मंडळी परतलीं तेव्हां तिच्या सन्मानार्थ तोफ उडविण्यांत आली. तिच्या गळपट्ट्यावर तिनें सर केलेल्या स्थळांचीं नांवें कोरलेलीं होतीं. सातारच्या शाहू महाराजांचा प्राण वांचविणारा म्हणून ज्याची आख्यायिका आहे, त्या खंड्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस आहे. तेव्हां मुक्या प्राण्याचा असा गौरव आपणांस अपरिचित नाहीं.

आतां माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येतों. माझी मुलगी म्हणजे ती मागच्या बांकावरची. लंडनमध्यें १८५७ सालीं आल्पाइन क्लब ही गिर्यारोहकांची संस्था निघाली. तिचा बहुमान मोठा, पण तिचें दार स्त्रियांस बंद. चिंगेलनें माँटे रोझाची चढाई केली तेव्हां ह्या संस्थेच्या कांहीं सभासदांनीं थट्टेनें तिला मानद सभासद करून टाकलें, अशी हकीकत आहे. थट्टाच ती, तिची कोठें दप्तरीं नोंद असावी असें मी म्हणत नाहीं. पण ज्या बाईच्या सोबतीनें ही कुत्री डोंगर चढत होती, तिला थट्टेनेंसुद्धां आंत घेण्याचें कोणास सुचलें नाहीं. आणि ती कांहीं सामान्य बाई नव्हती. १८७१ च्या सप्टेंबरांत ती मॅटरहॉर्न एका बाजूनें चढून दुसऱ्या बाजूस उतरली. स्त्रियांत हें प्रथम तिनेंच केलें. त्याच महिन्यांत बीचहॉर्न शिखरावरून उतरतां उतरतां रात्र पडली आणि सारी रात्र तिला डोंगरावर उघड्यावर काढावी लागली. ह्या प्रसंगाचें वर्णन तिनें लिहिलें, चांगलें लिहिलें, आणि १८७२ मध्यें क्लबच्या नियतकालिकांत तें छापूनही आलें. परंतु लेखक म्हणून खालीं नांव आलें तें भाच्याचें. कूलिज कृतघ्न होता असें माझें म्हणणें नाहीं. मावशीवर त्याची भक्ति होती. रीतच तशी होती, आणि रीतीपुढें भले भले लोक मुकाट बसतात. त्या संस्थेनें स्त्रियांना दार उघडलें तें १९७४ सालीं, म्हणजे त्या लेखानंतर एकशेंदोन वर्षांनीं.

मेटामावशीच्या मनांत एक शिखर फार दिवस घर करून होतें. दोफिने प्रांतांतील मेझ. १८७० च्या जूनमध्यें मावशी व भाचा आल्मरसह त्या डोंगराच्या मधल्या सुळक्यावर पोंचलीं. त्यावर पूर्वीं कोणी गेलें नव्हतें. परंतु माथ्यावर उभें राहून पाहतात तों पश्चिमेकडचा सुळका आपल्याहून थोडा उंच आहे असें त्यांस दिसून आलें. फरक सुमारें दहा मीटरांचा; शाळेच्या दुमजली इमारतीएवढा. पण मधली धार अशी कीं तेथून पलीकडे जाणें शक्य नव्हतें. पुढें सहा वर्षें तो सुळका तिच्या डोळ्यांपुढून हलला नाहीं. तो आपण प्रथम गांठावा, निदान भाच्यानें तरी गांठावा, अशी तिची इच्छा होती. १८७६ च्या डिसेंबरांत ती इंग्लंडांत वारली. १८७७ च्या ऑगस्टांत एका फ्रेंच तरुणानें गास्पार नांवाच्या वाटाड्याबरोबर तो सुळका प्रथम सर केला. दुसऱ्या वर्षीं कूलिज आल्मरला घेऊन तेथें गेला आणि माथ्यावर पोंचला. बरोबर मावशी नव्हती, चिंगेलही नव्हती. तिची नजर मंदावली होती आणि तिच्या चढाया १८७६ मध्येंच संपल्या होत्या. १८७९ च्या जूनमध्यें इंग्लंडांत, स्वयंपाकघरांतल्या शेगडीपुढें निजलेली असतां, झोंपेंतच तिचा प्राण गेला.

कूलिज पुढें धर्मोपदेशक झाला, ज्या नियतकालिकांत मावशीचा लेख त्याच्या नांवानें आला होता त्याचा तो कित्येक वर्षें संपादक होता, आणि १९२६ सालीं आल्मरच्याच गांवीं, ग्रिंडेलवाल्ड येथें, तो वारला. दोफिनेचा मोठा नकाशा कोणास मिळाला तर त्यावर दोन नांवें शोधून पाहावींत. एक कूलिज शिखर. दुसरें, ग्रांद रुईन नांवाच्या पर्वताचा सर्वांत उंच माथा. १८७३ च्या जुलैमध्यें मावशी, भाचा व आल्मर तेथें प्रथम पोंचलीं. उंची ३७६५ मीटर. नकाशावर त्यास ब्रेव्हूर्ट म्हटलें आहे.