गढूळ पाण्याचे निवळणे : निवळीच्या बियांपासून घरगुती मत्स्यालयापर्यंत
(हेमलकसा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पूर्व विदर्भातील पाण्याच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने मालगुजारी तलावांकडे जाते. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांवरील हक्क आणि १९५० च्या मालगुजारी निर्मूलन कायद्यानंतर झालेली त्यांची परवड यांवर बरेच लेखन झाले आहे, आणि ते आवश्यकही होते. परंतु घरात आणलेले गढूळ पाणी माणसाने निवळले कसे, हा प्रश्न इतिहासलेखनात सहसा येत नाही. तो स्वयंपाकघराचा प्रश्न समजला गेला. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा असून, त्यासाठी घरातील काचेचे मत्स्यालय हे काहीसे अनपेक्षित साधन वापरले आहे. याचे कारण असे की, निवळ दिसणारे पाणी आणि जीवनास योग्य पाणी यांतील अंतर जितके स्पष्टपणे या लहानशा पेटीत दिसते, तितके ते माठात किंवा विहिरीत दिसत नाही.

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ आहे. (गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, तत्पूर्वी हा सर्व प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात होता.) येथून जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात नद्यांचे पाणी मातकट होते आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांच्या सेवेसाठी येथे राहिले, तेव्हा या भागात वीज नव्हती, नद्यानाल्यांवर पूल नव्हते आणि नळाचे पाणी ही कल्पनाही दूरची होती.

निवळीची परंपरा

मराठीत 'निवळी' हे नाव ज्या झाडाच्या बीला आहे, त्याचे संस्कृत नाव 'कतक' होय. मध्य भारताच्या पानझडी जंगलात हे झाड आढळते. बी माठाच्या आतल्या अंगाला घासावयाचे, त्यात गढूळ पाणी ओतावयाचे आणि पाणी न हलविता ठेवावयाचे, ही त्याची रीत. बीतील चिकट द्रव्यामुळे मातीचे तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळाशी साका बसतो.

ही रीत किती प्राचीन आहे, याचे लिखित पुरावे उपलब्ध आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करण्याची सात साधने सांगितली असून त्यांत कतक प्रथम येते. पुढे गोमेदक, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी यांचा उल्लेख आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर कतक एका दृष्टान्तासाठी आले आहे : या फळाने पाणी निवळते हे खरे, पण केवळ त्याचे नाव घेतल्याने निवळत नाही. धर्मग्रंथात दृष्टान्त म्हणून एखादी वस्तू येते, तेव्हा ती ऐकणाऱ्यांच्या नित्य परिचयाची असली पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास आचारविषयक नियमांपेक्षा अशा ओझरत्या उल्लेखातूनच पुष्कळदा अधिक मिळते.

तुरटीचे कार्य वेगळ्या मार्गाने परंतु याच दिशेने होते. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांस दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो आणि कणांचे पुंजके बनून खाली बसतात. दोन्ही उपाय डोळ्यांना दिसणारा गढूळपणा घालवितात. पाण्यात विरघळलेले पदार्थ मात्र त्यांनी जात नाहीत, आणि जंतूंची संख्या साक्याबरोबर काहीशी घटली तरी पाणी निर्धोक होत नाही.

वाळूतील खळगा आणि चेल्सीची गाळणी

उन्हाळ्यात नाल्याच्या कोरड्या पात्रात वाळूत खळगा करून झिरपलेले पाणी वाटीवाटीने भरून घेणे, ही जंगलपट्टीतील जुनी सवय आहे. शहरी पाहुण्यास ते केवळ दैन्याचे चित्र वाटते, आणि त्यात दैन्य आहेच. परंतु वाळूतून गाळून पाणी घेण्याचे हेच तत्त्व १८२९ मध्ये जेम्स सिम्पसन या अभियंत्याने लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले. त्याचा हेतू गढूळपणा काढण्याचा होता. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा मांडलाच गेला नव्हता.

पुढे १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची भीषण साथ आली. एल्ब नदीचे पाणी हॅम्बुर्गमध्ये न गाळता दिले जात होते. लगतच्या आल्टोना गावात ते वाळूतून गाळले जाई. दोन्ही गावांच्या सीमा एकमेकींना भिडलेल्या असूनही आल्टोना मोठ्या प्रमाणात बचावले. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा जो बुळबुळीत पापुद्रा तयार होतो तोच खरे काम करतो, हे हळूहळू उमगले. ज्याला घाण समजून खरवडून टाकावेसे वाटावे, तेच शुद्धीचे साधन ठरले. प्रस्तुत विषयात हा मुद्दा पुन्हा भेटणार आहे.

काचेच्या पेटीतील गढूळपणा

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने आपला एक प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. काचेच्या पात्रात त्याने दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब होता. परंतु वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर शेवाळ धरले. त्याने तुरटी वापरली नाही. तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास अशा रीतीने गढूळ पाण्यापासूनच सुरू होतो. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे पुस्तक आले आणि या छंदाची इंग्लंडात लाट उसळली. महाराष्ट्रात सर्वसामान्यांना मत्स्यालयाची ओळख करून देण्यात १९५१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचा मोठा वाटा आहे.

वॉरिंग्टनच्या पेटीत आणखी एक काम न दिसता चालू होते. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी सांडपाणी वाळूतून झिरपविले असता काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागल्याचे पाहिले. क्लोरोफॉर्म सोडताच ही क्रिया थांबली; म्हणजे ती सजीवांची होती. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की याने असे जीवाणू वेगळे करून दाखविले.

हेमलकशासारख्या ठिकाणी एखाद्या शिक्षकाने वा आरोग्य कर्मचाऱ्याने तीस लिटरची पेटी मांडली, तर या इतिहासाचा उपयोग त्याला प्रत्यक्ष होतो. पहिल्याच दिवशी पाणी मातकट दिसले, तर वाळू नीट धुतलेली नाही. ते आपोआप निवळते. हिरवा रंग शेवाळाचा. ऊन कमी करावे लागते. चहासारखा रंग पानांचा वा लाकडाचा, तो माशांना सहसा बाधत नाही. खरी फसगत होते ती दोन-चार दिवसांनी येणाऱ्या दुधाळ गढूळपणात. उरलेल्या खाद्यावर जीवाणू झपाट्याने वाढतात आणि पाणी पांढुरके होते. अशा वेळी मनुष्य परंपरेने शिकविलेलेच करतो : सगळे पाणी ओततो, वाळू खळखळून धुतो किंवा तुरटी फिरवितो. निवळीचे बी येथे उलट अपाय करते, कारण त्याचे द्रव्य स्वतःच कुजून जीवाणूंचे खाद्य बनते. तुरटी पाण्याची आम्लता वाढविते, आणि आम्ल पाण्यातील ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक असते. पाणी आरशासारखे होते आणि मासे मरतात. अमोनियाला रंग नसतो.

त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. त्यांना वाळूवर व स्पंजवर स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाद्य चिमूटभर, आणि एक-दोन दिवसांआड पाव भाग, म्हणजे सात-आठ लिटर, पाणी बदलणे एवढेच हाती असते. स्पंज धुवावयाचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. माणसांच्या पटकी-हगवणीवर तो उपाय योग्यच आहे, पण तेच पाणी पेटीत ओतल्यास स्पंजवरील जीवाणू मरतात आणि माशांचे कल्लेही पोळतात. म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. चाळिशीपार जाणाऱ्या येथील उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अमोनियाचा विखारही वाढतो, तेव्हा पेटी घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात हवी.

वादळवाऱ्यात वीज गेली की हवेचा पंप थांबतो. काही तास गेल्यास बंद गाळणीतील जीवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. तेव्हा स्पंज गाळणीतून काढून पेटीतच पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तरंगत ठेवावा, त्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये आणि दर थोड्या वेळाने तांब्याभर पाणी पेटीतूनच घेऊन उंचावरून पुन्हा पेटीत सोडावे.