उंदीर पडले की घर सोडा

प्लेगच्या काळी घरात उंदीर मरून पडू लागले, की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. ही अंधश्रद्धा होती का? नाही.

१८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हते. त्यामुळे १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, रुग्णांना सक्तीने हलवले गेले. धास्तीने लोक रुग्ण लपवू लागले.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी कोडे सोडवले. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे शरीर शोधतात आणि माणसाला चावतात. म्हणजे घर सोडणारे लोक बरोबर होते!

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत, पण ती वेळेवर मिळायला हवीत. म्हणून मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नका. जोराचा ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आजार लपवू नका.