मुंबई इंडियन्स : २०२२चा हंगाम

इंडियन प्रीमियर लीग पाच वेळा जिंकलेला हा संघ २०२२मध्ये १४पैकी १० सामने हरून दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. पहिले आठ तर ओळीने गेले. तरीही ही निव्वळ पडझड नव्हती. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जोफ्रा आर्चर त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असूनही त्याच्यावर ८ कोटी मोजले, ते पुढच्या हंगामांवर डोळा ठेवूनच. पण म्हणून संघ मुद्दाम हरला असे नाही. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तळाच्या संघाला नवोदितांच्या निवडीत झुकते माप मिळते. आयपीएलच्या लिलावात तशी सोय नाही, त्यामुळे इथे मुद्दाम हरण्यात फायदा शून्य. आर्चरवरचा डाव मात्र फळला नाही : तो २०२३मध्येही जेमतेम पाच सामने खेळला. खरी कमाई १.७० कोटींचा फलंदाज तिलक वर्मा : पहिल्याच हंगामात ३९७ धावा. २०२४ला संघ पुन्हा दहावा आला, हा आक्षेप रास्त. पण त्याही वर्षी तिलकने ४१६ धावा केल्या.